घंटा बंद होत्या ती सहा वर्षं

१२०८ सालच्या मार्चमधल्या एका सोमवारी इंग्लंडमधल्या चर्चची दारं बंद झाली. साथ नव्हती, लढाई नव्हती, आग नव्हती. रोममध्ये बसलेल्या एका माणसाने बंद करा म्हणून सांगितलं आणि गावोगावच्या पाद्र्यांनी कड्या लावल्या. रविवारी जाहीर केलं, सोमवारपासून लागू. ईस्टर दोन आठवड्यांवर आला होता, म्हणजे त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण, तोसुद्धा कोरडाच गेला. मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ती नाही, प्रवचन नाही, मेलेल्या माणसाला चर्चच्या आवारातल्या पवित्र जमिनीत जागा नाही. सूट फक्त दोन गोष्टींना, नवजात बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचं पापनिवेदन. बाकी सगळं बंद म्हणजे बंद, आणि हे चाललं सहा वर्षं.

मी हे वाचलं लॉकडाऊनमध्ये. वेळ जात नव्हता म्हणून एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक काढून बसले होते, आणि आठवडाभरापूर्वीच आत्या गेली होती. तिला शेवटचं पाहिलं ते मोबाईलच्या स्क्रीनवर. व्हिडिओ हलत होता, आवाज तुटत होता आणि कोणीतरी सारखं म्यूट व्हा, म्यूट व्हा म्हणत होतं. मी देवाधर्माचं फार करणाऱ्यातली नाही, कोणी विचारलं तर बघू, ठरवलं नाही अजून असं म्हणून विषय बदलते. तरीपण काहीतरी करायचं राहून गेलंय ही टोचणी काही जाईना. नेमकं काय राहिलंय ते सांगता येत नव्हतं, म्हणून जास्तच त्रास. आणि अशात पुस्तकात हे आलं की त्या काळच्या एका बखरकाराने लिहून ठेवलंय, प्रेतं गावाबाहेर नेली आणि रस्त्याकडेला, खड्ड्यांत पुरली, ना प्रार्थना ना पाद्री. मी पुस्तक पालथं घालून थोडा वेळ नुसती बसले. ही शिक्षा ज्याने कोणी शोधून काढली त्याला माणूस बरोब्बर कळला होता.

शाळेत आपल्याला मध्ययुगीन युरोप म्हणजे तमोयुग, चर्चने लोकांना अंधश्रद्धेत ठेवलं, मग प्रबोधन झालं, विषय संपला, एवढंच शिकवलं. चार मार्कांचं उत्तर. त्यामुळे डोक्यात चित्र असं की लोक भोळे होते, घाबरट होते आणि पोप त्यांना नरकाची भीती दाखवून राज्य करायचा. आता नरकाची भीती होतीच, खोटं नाही. पण नुसत्या भीतीवर हजारेक वर्षं काही चालत नाही हो. मला आता वाटतं की 'त्या लोकांचा खरंच इतका विश्वास होता का' हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. सगळे दाखले देणारं एकच ऑफिस असेल आणि त्याने एक दिवस शटर ओढलं, तर तुमचा त्या ऑफिसवर विश्वास आहे की नाही हे विचारतं कोण? जन्म, लग्न, मरण, शपथ, कोर्टातला न्याय, सणवार, दिवसाचे तास, लिहिणं-वाचणं, सगळं एकाच दारातून जात होतं. त्या दाराची किल्ली ज्याच्याकडे, त्याला तलवारीची गरज कमी. त्याने नुसतं 'नाही' म्हटलं तरी भागायचं.

तर मूळ भांडण कशावरून होतं तेही मजेशीर आहे. कँटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर १२०५ मध्ये वारले आणि जागा रिकामी झाली. आता तिथल्या मठातल्या भिक्षूंचं म्हणणं की निवड आमचा हक्क, म्हणून त्यांनी गुपचूप आपल्यातलाच एक, रेजिनाल्ड नावाचा उपमठाधिपती, निवडला आणि रोमला धाडूनही दिला. राजा जॉनला कळल्यावर तो संतापला, त्याला तिथे आपला माणूस हवा होता, नॉर्विचचा बिशप जॉन डी ग्रे. दोन्ही पार्ट्या रोमला पोचल्या. पोप इनोसंट तिसरा कायदा जाणणारा आणि भलताच हुशार माणूस, त्याने दोघांनाही बाजूला सारलं आणि तिसराच पुढे केला, स्टीफन लँग्टन. जन्माने इंग्रज पण कितीतरी वर्षं पॅरिसमध्ये शिकवत असलेला विद्वान. बायबलचे आज जे अध्याय पाडलेले दिसतात त्याचं श्रेय याच माणसाला देतात. जॉन म्हणाला, मी याला ओळखत नाही, शत्रूच्या राज्यात राहिलेला माणूस, इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवू देणार नाही. पोप म्हणाला, बरं.

एका धर्मगुरूच्या नेमणुकीवरून इतकं? मलाही आधी तसंच वाटलं. पण आर्चबिशप म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा नुसता पूजा-प्रार्थना करणारा माणूस नव्हे. अमाप जमिनीचा मालक, त्याच्या जमिनीवरचे सरदार राजाच्या लढाईला जाणारे, राजाच्या सल्लागार मंडळात पहिल्या रांगेत, आणि राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवणाराही तोच. शिवाय लिहिता येणारी माणसं बहुतेक चर्चचीच. राजाची पत्रं, हिशेब, हुकूम लिहिणारे सगळे तिथूनच आलेले. आपल्या तोंडात बसलेला क्लार्क हा शब्दसुद्धा मुळात पाद्री या अर्थाच्या शब्दातूनच आलाय. राजाला राज्य चालवायचं तर कारकून हवेत, आणि कारकुनांचा दुसरा मालक रोममध्ये बसलेला. म्हणजे गंमत बघा, धर्म आणि सत्ता वेगवेगळ्या ठेवाव्यात वगैरे आपण आज म्हणतो, तेव्हा त्या वेगळ्या करायच्या म्हटल्या असत्या तर आधी ऑफिसात कोण बसणार हा प्रश्न आला असता.

आणि वेळ. हे मला सगळ्यात भारी वाटतं. घड्याळं नव्हती, मठातल्या घंटा होत्या. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक प्रार्थनेची घंटा, आणि शेतात वाकलेला माणूस त्यावरून समजायचा की किती काम राहिलंय. इंग्रजीत दुपारला नून म्हणतात ना, तो शब्द नवव्या तासाच्या प्रार्थनेवरून आला, आणि नववा तास म्हणजे खरं तर दुपारचे तीन. मग ती प्रार्थना हळूहळू अलीकडे सरकत सरकत बाराला येऊन बसली. याचं एक कारण असं सांगतात की उपासाच्या दिवशी त्या प्रार्थनेनंतरच जेवायला मिळायचं. खरं असेल तर भिक्षूंबद्दल मला फार आपुलकी वाटते. खंड भरायचा तोही संतांच्या दिवशी, मायकलमस म्हणजे २९ सप्टेंबर. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला, धान्य, कोकरं, लोकर, सगळ्यातला. तारीख विचारली तर माणूस आकडा सांगायचा नाही, अमक्या संताच्या दुसऱ्या दिवशी असं सांगायचा. त्यामुळे घंटा बंद झाल्या म्हणजे नुसती पूजा बंद झाली असं नाही, दिवसाचा आवाजच गेला असणार.

या 'नाही'चं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अर्थात इटलीतल्या कनोसाचं. इतिहासात ज्यांना रस नाही त्यांनाही कुठेतरी ऐकून माहीत असतं, एक राजा बर्फात अनवाणी उभा राहिला. जर्मन राजा हेन्री चौथा आणि पोप ग्रेगरी सातवा यांचं भांडण बिशपच्या नेमणुकांवरूनच, बिशपला पदाची अंगठी आणि दंड, म्हणजे मानाची काठी, कोणी द्यायची, राजाने की चर्चने. १०७६ च्या जानेवारीत हेन्रीने पोपला पत्र लिहिलं की तू पोप नाहीसच, त्या गादीवरून खाली उतर. फेब्रुवारीत पोपने त्याला वाळीत टाकलं. नुसतं वाळीत टाकलं असतं तर हेन्रीने कदाचित ढिम्म दाद दिली नसती, पण ग्रेगरीने त्यात एक वाक्य जोडलं की याच्याशी इमान राखायची जी शपथ लोकांनी घेतली आहे त्यातून मी त्यांना मोकळं करतो. खेळ तिथे फिरला. सगळी सरंजामी व्यवस्था शपथेवर उभी होती, पगारावर नाही. सरदार राजाचा का, तर त्याने संताच्या अस्थींवर नाहीतर पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली म्हणून. आणि शपथ खरी की खोटी, चालू की रद्द, हे ठरवणार कोण? चर्च. हेन्रीवर आधीच खार खाऊन असलेल्या जर्मन सरदारांना तर आयतं निमित्तच मिळालं. ऑक्टोबरमध्ये जमून त्यांनी सांगून टाकलं, बहिष्काराला वर्ष व्हायच्या आत तो उठवून आण, नाहीतर तू आमचा राजा नाहीस.

मग हेन्री बायकोला आणि लहान मुलाला घेऊन भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून निघाला. एका बखरीत म्हटलंय की बायकांना बैलाच्या कातड्यावर बसवून बर्फावरून खाली घसरवत आणलं. पोप तेव्हा मॅटिल्डा नावाच्या सरदारीणबाईंच्या कनोसाच्या किल्ल्यात होता. १०७७ चा जानेवारी, तीन दिवस हा राजा दाराबाहेर, लोकरीचे साधे कपडे, पायात काही नाही. आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात, या तीन दिवसांत कोंडी राजाची नाही, पोपची झाली होती. पश्चात्ताप करून दारात आलेल्या माणसाला परत पाठवणारा धर्मगुरू कसा दिसेल? आत मॅटिल्डाबाई आणि क्लुनीचे मठाधिपती ह्यू, जे हेन्रीचे धर्मपिताही होते, दोघेही त्याला आत घ्या म्हणून गळ घालत होते. शेवटी घ्यावं लागलं. हेन्रीने अनवाणी उभं राहून पोपच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, फक्त त्यासाठी तीन दिवस थंडीत काढावे लागले एवढंच. राजकारणी माणूस.

पुढे काय झालं तेही ऐकाच. सरदारांनी त्याच मार्चमध्ये रुडॉल्फ नावाचा दुसरा राजा निवडला. १०८० मध्ये पोपने हेन्रीला पुन्हा वाळीत टाकलं, पण या वेळी पूर्वीइतकं कोणी दचकलं नाही. त्याच वर्षी लढाईत रुडॉल्फचा उजवा हात तुटला आणि तो मेला, तर लोक म्हणाले बघा, याच हाताने हेन्रीशी इमान राखायची शपथ घेतली होती. म्हणजे लोकांनी निकाल देवाच्याच नावाने लावला, फक्त पोपच्या विरुद्ध! मला ही गोष्ट फार आवडते. १०८४ ला हेन्रीने रोम घेतलं, आपला वेगळा पोप बसवला, त्याच्याकडून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला, आणि ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोला परागंदा अवस्थेत गेला. जिंकला कोण मग? हेन्री, असं म्हणावं तर तो स्वतः ११०६ मध्ये मेला तेव्हा बहिष्कारातच होता. बादशहा माणूस, पण पवित्र जमिनीत जागा नाही. एकदा पुरलेलं प्रेत बाहेर काढलं, स्पायरला आणलं, तिथे संस्कार न झालेल्या एका बाजूच्या चॅपेलमध्ये ते पडून राहिलं, आणि पाच वर्षांनी, ११११ मध्ये, कुठे मूळ कॅथीड्रलमध्ये बाप-आजोबांच्या शेजारी ठेवता आलं. ते करवून घेतलं त्याच्या मुलाने, ज्या मुलाने बापाविरुद्ध बंड केलं होतं त्यानेच. नेमणुकांचं मूळ भांडण आणखी अकरा वर्षांनी, ११२२ मध्ये वर्म्सच्या करारात मिटलं, अंगठी-दंड चर्चने द्यायचा, जमिनीच्या हक्कासाठीचा राजदंड सम्राटाने. अर्धं तुझं, अर्धं माझं. यासाठी पन्नास वर्षं माणसं मेली.

ते पाच वर्षं पडून राहिलेलं प्रेत माझ्या डोक्यातून जात नाही. बर्फातले तीन दिवस सगळ्यांना माहीत असतात, ही पाच वर्षं कोणी सांगत नाही.

परत जॉनकडे येते, कारण जॉनने काय केलं ते हेन्रीपेक्षा जास्त विचार करायला लावणारं आहे. तो रडत गेला नाही. त्याने उलट सांगितलं, जे पाद्री काम करणार नाहीत त्यांना खायची सोय कशाला, आणि चर्चची मालमत्ता जप्त करायला सुरुवात केली. पुढे मग एक फारच हलकट प्रकार केला. पाद्र्यांनी लग्न करायचं नाही हा नियम तोपर्यंत चांगला कडक झालेला होता, पण गावोगावच्या पाद्र्यांच्या घरात बाई असायची, मुलंबाळं असायची आणि सगळ्या गावाला ते ठाऊक असायचं. जॉनच्या माणसांनी या बायका पकडून नेल्या आणि पाद्र्यांकडून दंड घेऊन सोडल्या. राजाने पोपला टोमणा मारला की तुमचेच नियम आम्ही पाळतोय! हुशारी म्हणून दाद द्यावी तर मला त्या बायकांचे चेहरे दिसायला लागतात. नियमाप्रमाणे ज्या अस्तित्वातच नाहीत अशा बायका. त्यांची नावं कुठे नाहीत. पोप-राजाच्या भांडणात त्यांचं माप कोणी काढलं नाही, आणि सोडवून आणल्यावर त्या घरात काय बोलणं झालं असेल देव जाणे.

१२०९ मध्ये पोपने जॉनला व्यक्तिशः वाळीत टाकलं. त्याचा विधीही मोठा नाट्यमय असायचा, बिशप आणि बारा पाद्री पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहायचे आणि शाप उच्चारून झाला की त्या जमिनीवर फेकून विझवायचे. बहुतेक बिशप देश सोडून गेले. आणि जॉन? तो मजेत. स्कॉटलंडवर दाब आणला, आयर्लंडवर स्वारी केली, वेल्समध्ये घुसला, बिशपांच्या रिकाम्या पडलेल्या जागांच्या जमिनींचं उत्पन्न स्वतःच्या तिजोरीत. तिकडे लोकही जगत होते. गहू पिकत होता, मुलं होत होती, बाजार भरत होते. आकाश कोसळलं नाही. मला वाटतं पोपच्या दृष्टीने यापेक्षा धोकादायक काही नसेल. बंद फार लांबला की लोकांना कळायला लागतं की आपण त्याशिवायही जगतोय, वाईट का होईना. रोमला ही जाणीव असावी, कारण मधेमधे सवलती सुटल्या, १२०९ ला मठांमध्ये दार लावून आठवड्यातून एकदा मिस्सा चालेल, १२१२ ला मरणाऱ्याला शेवटचं प्रभुभोजन चालेल. ही असली हळूहळू सैल होणारी नियमावली वाचताना २०२० मधले ते रोज बदलणारे आदेश आठवले आणि हसू आलं.

यॉर्कशायरमध्ये वेकफील्डचा पीटर म्हणून एक बैरागी होता. त्याने सांगून टाकलं की येत्या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणानंतर जॉन राजा राहणार नाही. राजाने त्याला कैदेत टाकलं आणि वाट बघितली. १२१३ चा मे उजाडला, समुद्रापलीकडे फ्रान्सचा राजा फिलिप चढाईच्या तयारीत, घरचे सरदार नाराज, अशा वेळी जॉनने अचानक पलटी मारली. १५ मेला डोव्हरजवळ पोपच्या दूतासमोर त्याने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण केलं आणि मांडलिक म्हणून परत घेतलं, वर्षाला १००० मार्क (तेव्हाचं पैसे मोजायचं माप) खंडणी, ७०० इंग्लंडचे आणि ३०० आयर्लंडचे. आठवड्याने तो सण आला नि गेला, राजा तसाच खुर्चीवर. पीटरला फासावर दिला, बरोबर त्याच्या मुलालाही. लोक कुजबुजले की बिचारा खोटं कुठे बोलला होता, मुकुट तर जॉनने सणाआधीच दुसऱ्याला दिला होता.

बरं, शरण आला म्हणजे चर्च लगेच उघडली असतील ना? नाही. चर्चच्या जप्त मालमत्तेची भरपाई किती आणि कधी यावर घासाघीस सुरू झाली आणि त्यात आणखी वर्ष गेलं. लोक बाहेरच. एवढं वाचल्यावर मात्र पोपबद्दल जी थोडीफार सहानुभूती होती तीही संपली माझी. धर्माचं हत्यार धर्मासाठी उचललं असं एक वेळ मानू, पण शेवटचं वर्ष तर निव्वळ वसुलीचं होतं. २ जुलै १२१४ ला लंडनच्या सेंट पॉल्समध्ये बंदी उठल्याचं जाहीर झालं, घंटा वाजल्या, स्तोत्र गायलं गेलं. १२०८ च्या उन्हाळ्यात एखाद्या खेड्यात जन्मलेलं पोर तेव्हा सहा वर्षांचं असणार. त्याला घंटा माहीतच नसणार. आईने त्याला काय सांगितलं असेल?

आणि पुढचा उलटफेर तर कादंबरीत लिहिला तर कोणी मानणार नाही. वर्षभरात सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाला लगाम घालणाऱ्या सनदेवर, शिक्का घेतला, त्याचं पहिलंच कलम इंग्लंडचं चर्च स्वतंत्र राहील असं, आणि त्यामागे वजन कोणाचं, तर त्याच लँग्टनचं. आता पोपला आनंद व्हायला हवा. पण जॉन आता पोपचा मांडलिक ना, मग मांडलिकावर जबरदस्ती म्हणजे पोपवर जबरदस्ती, म्हणून इनोसंटने ऑगस्ट १२१५ मध्ये मॅग्ना कार्टा रद्द ठरवला. सरदारांना वाळीत टाकायचा हुकूम लँग्टनने अंमलात आणला नाही म्हणून त्यालाही निलंबित केलं. ज्या माणसासाठी सहा वर्षं देश बंद ठेवला त्याच माणसाला! सत्तेला स्वतःच्या विनोदावर हसता येत नाही हेच खरं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोमला लॅटरनची चौथी परिषद भरली आणि तिथे आणखी एक 'नाही' म्हटलं गेलं, ज्याची चर्चा कमी होते. तोवर गुन्ह्याचा निवाडा आरोपीला दिव्य करायला लावून, म्हणजे देवाच्या कौलावर, व्हायचा. तापलेलं लोखंड हातात धरून काही पावलं चालायचं, हात बांधून ठेवायचा, तीन दिवसांनी उघडून बघायचा, जखम चिघळली असेल तर दोषी. लोखंडाला आशीर्वाद पाद्र्याने द्यायचा. परिषदेने ठरवलं की पाद्र्यांनी यात पडायचं नाही. झालं, आशीर्वाद नाही तर दिव्याला अर्थ नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांची पंचाईत झाली, आरोपी समोर उभा आणि निकाल लावायचा कसा? त्यातून शेजारपाजारच्या बारा जणांना विचारायची पद्धत फौजदारी निकालापर्यंत येऊन पोचली, ज्यूरी. तिकडे युरोपच्या मुख्य भूमीवर बऱ्याच ठिकाणी कबुलीजबाबाला महत्त्व आलं आणि कबुली काढायला छळ. एकाच नकारातून दोन वेगळे रस्ते फुटले, यात कोणाचा काही प्लॅन नव्हता.

याच परिषदेने हेही ठरवलं की प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करायचं, म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसाच्या मनात डोकावायची एक खिडकी. आणि हेही, की ज्यू आणि मुसलमानांनी वेगळे कपडे घालायचे, ओळखू आले पाहिजेत. इंग्लंडमध्ये १२१८ पासून ज्यूंनी छातीवर पांढरी खूण लावायचा हुकूम निघाला, १२९० ला त्यांना देशातून हाकलूनच दिलं. इतका वेळ मी दार बंद होण्याबद्दल लिहितेय, पण दार बंद झाल्याचं दुःख कोणाला, तर जे आत होते त्यांना. काही जण आधीपासूनच कायम बाहेर होते, त्यांच्यासाठी १२०८ आणि १२१४ मध्ये कसला फरक. शिवाय तलवारीची गरज कमी असं मी वर लिहिलंय ते अर्धंच खरं. दक्षिण फ्रान्समधल्या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथीयांवर याच इनोसंटने धर्मयुद्ध पुकारलं आणि जुलै १२०९ मध्ये बेझिये शहरात कत्तल झाली तेव्हा 'नाही' पुरलं नव्हतं, तलवारी लागल्याच, फक्त दुसऱ्यांच्या. एक चांगलंही सांगून ठेवते, नाहीतर पारडं फारच कलेल. अकराव्या शतकात याच चर्चने सरदारांना शपथा घालून बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मारामारी बंद ठेवायला लावायचा प्रयत्न केला होता. किती पाळलं गेलं हा भाग वेगळा, पण आठवड्यातले चार दिवस शेतकऱ्याची गुरं आणि झोपडी वाचावी म्हणून कोणीतरी बोललं, आणि बोलायला तेव्हा दुसरं होतं कोण.

हत्यार बोथट कसं झालं ते इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दिसतं, पण सुरुवात त्याआधीच झाली होती. १३०३ मध्ये फ्रान्सच्या राजाची माणसं इटलीतल्या अनान्यी गावात घुसून पोप बोनिफेसला चक्क पकडून बसली, महिन्याभरात तो गेला. पुढे १३०९ पासून पोप मंडळी रोम सोडून आविन्यॉं शहरात, फ्रेंच राजाच्या सावलीत. कर्ज बुडवलं म्हणूनसुद्धा लोकांना वाळीत टाकायला लागले होते, मग त्याची भीती कितीशी राहणार. १३७६ मध्ये पोप ग्रेगरी अकराव्याचं फ्लॉरेन्सशी युद्ध चालू होतं, त्याने शहरावर तीच धर्मबंदी लादली. चर्च बंद. आणि फ्लॉरेन्सच्या लोकांनी काय केलं, तर ते स्वतःच जमायला लागले. पाद्री नाही तर नाही, संध्याकाळी एकत्र येऊन स्तोत्रं म्हणायची, मिरवणुका काढायच्या, उपास करायचे. सुतार, विणकर, दुकानदार, तरुण पोरं. धर्म संपला नव्हता, उलट रस्त्यावर आला होता. पुढच्या वर्षी शहराच्या सरकारने तर पाद्र्यांनाच हुकूम सोडला की चर्च उघडा, नाहीतर दंड भरा. आणि १३७८ ला तर दोन पोप झाले, १४०९ पासून तीन, सगळे एकमेकांना वाळीत टाकत बसलेले, ते निस्तरायला १४१७ साल उजाडलं. पण मला ते तीन पोप नाही आठवत, मला फ्लॉरेन्सच्या गल्लीत बेसूर गाणारे दुकानदार आठवतात.

आत्या गेल्यावर दीड वर्षाने आम्ही सगळे एकदा जमलो. तिचा फोटो ठेवला होता. आता नेमकं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, जे करायचं असतं त्याचा दिवस कधीच उलटून गेला होता आणि आतोबांना विचारायची कोणाची हिंमत होत नव्हती. शेवटी तेच उठले, आतेभावाला म्हणाले, ते तिचं गाणं लाव. त्याने फोनवर लावलं. दुसऱ्या कडव्याला बाबा गुणगुणायला लागले, मग काकू, मग सगळेच, कोणाचा सूर कोणाला लागेना. आणि मागून कुठूनतरी आवाज आला, म्यूट व्हा, म्यूट व्हा, आणि पहिले हसले ते आतोबाच.